गावडे टीचरांचे आकडे

'टक्के' हा शब्द कुणी एकटा सोडलेला गावडे टीचरांना चालत नसे. भाजीवाली म्हणाली, "घ्या टीचर, शंभर टक्के ताजी मेथी," की त्या हातातली पिशवी खाली ठेवून विचारायच्या, "कशाचे शंभर?" भाजीवालीला ते ठाऊक असायचं. ती मेथीची जुडी उचलून म्हणायची, "या जुडीचे, बाई. बाकीच्यांचं मला इचारू नका." मग दोघी हसायच्या.

प्रमिला गावडे बेळगावात आमच्या मराठी हायस्कुलात गणित शिकवायच्या. मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे, आणि वडगावात त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून राहत असे. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालतो. नव्या माणसाला तिथं फोनवर बोलता येत नाही. टीचर मात्र त्या आवाजात बसून पेपर तपासायच्या. त्यांचं माहेर कणकुंबीकडचं. त्या सांगायच्या, "आमच्याकडं पाऊस लागला की असंच वाजतंय. मला झोप लागते त्यात." त्यांचे यजमान मिलिटरीतून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. आधी बरीच वर्षं ही दोघं लष्करी कॅम्पात राहिली होती, आणि आप्पांचं मन अजून तिथंच होतं. बूट आठवड्याला पॉलिश व्हायचे, घालायचा प्रसंग येवो न येवो.

टीचर ठेंगण्या, सावळ्या. पदर खोचलेला, उजव्या हाताच्या तीन बोटांना कायम खडूची भुकटी. चहा पितानासुद्धा बशीवर पांढरे ठसे उमटायचे. त्यांचं लाडकं वाक्य होतं, "समजा म्हटल्याशिवाय समजत न्हाय." समीकरण शिकवायला सुरुवात करताना त्या फळ्यावर सगळ्यात आधी मोठ्या अक्षरात 'समजा' लिहायच्या आणि खडू ठेवून द्यायच्या. मग वर्गाकडं वळून सांगायच्या, "जे माहीत न्हाय त्याला आधी नाव द्या. नाव न देता शोधत बसलासा तर सापडलेलंसुद्धा ओळखणार न्हाय." शाळेत त्या पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करायच्या, पण गणित रंगात आलं की कणकुंबीची वाट धरायच्या.

एकदा आप्पांच्या पायजम्याचं कापड घेऊन आम्ही तिघं शहापुरात शिंप्याकडं गेलतो. शिंपी म्हणाला, "हे कापड धुतल्यावर दहा टक्के आटतं. मी दहा टक्के वाढवून शिवतो, म्हणजे बरोबर बसेल."

टीचर म्हणाल्या, "बसणार न्हाय."

"का वो?"

"समजा, लांबी शंभर पाहिजे. तुम्ही दहा टक्के वाढवली, एकशे दहा झाली. आता आटणार ते दहा टक्के शंभराचे न्हायत, एकशे दहाचे आहेत. म्हणजे अकरा गेले. उरले नव्व्याण्णव. माझा एक सेंटिमीटर कुठं गेला?"

शिंप्यानं टेप गळ्यात टाकला, आप्पांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "टीचर, एका सेंटिमीटरनं आप्पा काय उघडे पडत न्हायत."

टीचर दुकानाच्या पायरीवर बसून हसल्या. पुढं हे उदाहरण त्यांनी नववीच्या प्रत्येक वर्गाला घातलं, शिंप्याच्या उत्तरासकट. आपल्यावर कुणी मात केली की ती गोष्ट सांगताना त्यांना फार बरं वाटायचं.

घातांकांचीही अशीच एक गोष्ट. एका दुपारी मधल्या सुट्टीत शाळेत आवई उठली की निपाणीकडच्या गाड्या बंद झाल्यात. आमच्या सीमाभागाला अशा आवया नव्या नाहीत, आणि बरीच पोरं त्या वाटेवरच्या खेड्यांतून यायची. बघता बघता पोरं दप्तरं पाठीवर टाकून गेटपाशी जमली. टीचर गेटात उभ्या राहिल्या, कुणालाच ओरडल्या नाहीत. त्यांनी एका मुलीला विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" तिनं मैत्रिणीचं नाव घेतलं. "आणि तू कुणाला सांगितलंस?" तिनं दोन नावं सांगितली.

टीचरांनी मैदानाच्या मातीत काठीनं लिहायला सुरुवात केली. "पहिली एक. तिनं दोघींना सांगितलं. त्या दोघींनी आणखी दोन-दोन नव्या जणींना. चार. मग आठ, सोळा, बत्तीस. दर वेळी दोनाचा घात एकानं वाढतोय. दोनाच्या आठव्या घातापर्यंत गेलो की दोनशे छप्पन्न, आणि पहिल्यापासून सगळ्यांची बेरीज पाचशे अकरा. आपली शाळा एवढीसुद्धा न्हाय. म्हणजे सांगणं आठ वेळा पुढं सरकलं की सगळी शाळा गेटवर." मग काठी टेकवून त्यांनी विचारलं, "एवढ्या सगळ्यांत स्टँडवर जाऊन गाडी कुणी बघितली?"

कुणीच बघितली नव्हती. ऑफिसातून स्टँडवर फोन झाला. गाड्या सुरू होत्या. पण टीचरांनी तो हिशेब वाया जाऊ दिला नाही. पुढच्या पावसाळ्यात शाळेला अचानक सुट्टी द्यावी लागली की निरोपासाठी त्यांनी तीच साखळी वापरली. त्या फक्त दोन पालकांना फोन करायच्या आणि चहा टाकायच्या. चहा गाळेपर्यंत खेड्यातल्या शेवटच्या मुलाच्या घरी निरोप पोचलेला असायचा.

हे झालं हसतखेळत. पण एक वर्ष असं आलं की टक्क्यांवरून त्या हेडमास्तरांशी भांडल्या, आणि ते भांडण मी समोर बसून बघितलं.

दहावीत त्या वर्षी चाळीस मुलं होती. त्यातली सहा गणितात फार कच्ची. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, पण आसपासच्या शाळांच्या गेटवर 'निकाल शंभर टक्के' असे फलक लागायला लागले होते आणि संस्थेचे लोक त्यांना टोचत होते. त्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये हळूच विषय काढला. या सहा जणांनी यंदा परीक्षेला बसू नये, पुढच्या वर्षी तयारीनं बसावं, असं पालकांना समजावू या.

टीचर उठून उभ्या राहिल्या. "सर, आज परीक्षा झाली तर चाळीसपैकी चौतीस पास होतील. पंच्याऐंशी टक्के. सहा काढून टाकले की चौतीसपैकी चौतीस. शंभर टक्के. या मधल्या पंधरा टक्क्यांत आपण शिकवलं काय?"

"टीचर, मी मुलांच्या भल्यासाठीच म्हणतोय."

"मग मुलांचं भलं वर मोजा. खालची संख्या कमी करून कसलं भलं?"

हेडमास्तरांनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "तुम्ही जबाबदारी घ्या." टीचरांनी घेतली. त्या सहा जणांची शिकवणी रोज सकाळी त्यांच्या घरच्या सोप्यात, पुढच्या मोकळ्या खोलीत, भरू लागली. आप्पा त्यांना रांगेत बसवायचे आणि सगळ्यांना उपमा द्यायचे. सहापैकी चार जण पास झाले. निकाल पंच्याण्णव टक्के लागला. फलक काही लागला नाही.

राहिलेल्या दोघांत एक रेखा होती, आमच्याच गल्लीतल्या माग चालवणाऱ्या घरातली. समीकरणात एक्स दिसला की ती अंग चोरायची. "टीचर, आकडे तरी दिसत्यात. हे एक्स म्हणजे काय तेच कळत न्हाय," असं ती रडवेली होऊन सांगायची. टीचरांनी सप्लिमेंटरीपर्यंत तिला सोडलं नाही. ती पास झाली, कशीबशी, पण झाली. पुढं लग्न होऊन गल्लीतच राहिली आणि काही वर्षांनी अंगणवाडीत शिकवायला लागली. एक्सचं कोडं मात्र तिला कधीच उलगडलं नाही. तिनं ते पाठ करून ओलांडलं होतं.

आता जे सांगायचं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालं.

दुपारचा तास होता. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते. नववीची एक मुलगी दारात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "टीचर कसंतरी बोलायल्यात. तुम्ही या." मी गेले तर फळ्यावर एक समीकरण अर्धं लिहिलेलं होतं. बरोबरचं चिन्ह होतं आणि पुढं काही नव्हतं. खडू खाली पडला होता. टीचर टेबलाला धरून उभ्या होत्या. तोंडाची उजवी बाजू जराशी उतरली होती. मला बघून त्या म्हणाल्या, "अगं, हात माझं ऐकत न्हाय." शब्द जड होते. मी आणि शिपाईमामांनी त्यांना रिक्षात घातलं. डॉक्टर नंतर म्हणाले, वेळेत आणलंत. ते श्रेय त्या नववीच्या मुलीचं.

त्या वाचल्या. हळूहळू बोलणं परत आलं, पाय थोडा ओढत का होईना चालायला लागल्या. उजवा हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. आम्हाला वाटलं, आता ठीक आहे. मग एका सकाळी आप्पांनी सहज विचारलं, "गोळ्या किती घेतल्या?" आणि टीचर नुसत्या बघत राहिल्या. त्यांना 'किती'चं उत्तर देता येईना.

त्यांनी ते आमच्यापासून लपवलं होतं. घड्याळाकडं बघून त्या मान हलवायच्या, पण वेळ कळत नव्हती. फोन लावता येत नव्हता. पाच मोठे की सात, हे सांगता येत नव्हतं. एकपासून ओळीनं म्हणायला लागल्या की वीसपर्यंत न अडखळता म्हणायच्या, लहान मुलं प्रार्थना म्हणतात तसं. पण मधलाच एक आकडा पुढं ठेवला की तो त्यांच्यासाठी नुसती रेघ असायची. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या ज्या भागाला धक्का बसला तिथं आकड्यांचं काम चालतं. परत येईल, कदाचित सगळं येणार नाही.

त्या दिवशी टीचर मला म्हणाल्या, "कविता म्हणून दाखव म्हटलीस तर अजून म्हणेन गं. आणि दोन अधिक तीन विचारलंस तर बघत बसेन. देवानं तुझं ठेवलं आणि माझं नेलं." मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.

ही बातमी गल्लीत कळली आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर रेखा आली. हातात एक डबा होता. टीचरांसमोर बसून तिनं ताटलीत चिंचोके ओतले. तिची पोरं मोजायला शिकायची ते हेच. "टीचर, यातले तीन उचला," ती म्हणाली.

टीचरांनी ताटलीकडं बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. डाव्या हातानं त्यांनी ताटली ढकलून दिली आणि चिंचोके सोपाभर पसरले. "मी काय अंगणवाडीतली पोरगी हाय का? ऊठ. जा घरी."

रेखा खाली वाकली. गुडघ्यांवर बसून तिनं एकेक चिंचोका वेचला, डबा लावला आणि गेली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत आली. टीचरांनी तोंड फिरवलं. तेव्हा ती म्हणाली, "सप्लिमेंटरीच्या वेळी मी पाटी टाकून उठून गेलते. आठवतंय का? तुम्ही घरी येऊन मला परत आणलासा. माझ्या वेळी तुम्ही कुठं कंटाळलासा?"

टीचर वळल्या. मग त्यांनी डावा हात ताटलीकडं नेला.

ते शिकणं फार हळू चाललं. सात म्हणायचं तर त्यांना एकपासून सुरू करून बोटाच्या पेरांवर सातपर्यंत जावं लागायचं. कधी मराठीतला सात तोंडात यायचाच नाही आणि बाजारातला कन्नड 'एळु' यायचा. रेखा म्हणायची, "टीचर, तुमचा सात बाजारात गेलाय, येईल संध्याकाळपर्यंत." टीचरांना हसू यायचं. पण रेखा गेली की त्या गप्प व्हायच्या. एकदा आप्पांना म्हणाल्या, "राजीनामा लिहून ठेवा माझा." आप्पांनी कागद घेतला नाही, बूट पॉलिश करायला बसले.

पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. फाईल बघून म्हणाले, "छान. आजी, सत्तर टक्के सुधारणा आहे."

टीचर खुर्चीत सरळ झाल्या. "कशाचे?"

"म्हणजे?"

"सत्तर टक्के कशाचे? मी आधी होते त्याचे, का धडधाकट माणसाचे असत्यात त्याचे?"

डॉक्टर जरा गोंधळले. मग पेन खाली ठेवून त्यांनी नीट समजावून सांगितलं की हाताची ताकद आणि चालणं याबद्दल ते बोलत होते. टीचरांनी ऐकून घेतलं. रिक्षात बसल्यावर त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "सत्तर म्हणजे लई असतात का गं?"

ज्या बाईला सत्तर किती मोठे ते कळत नव्हतं, तिनं डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारला होता. "व्हय टीचर," मी म्हणाले. "लई असतात." मग घरी येऊन मी हे सगळं रेखाला सांगितलं.

रेखा विचारात पडली. दुसऱ्या दिवशी ती चिंचोक्यांबरोबर नववीचं पुस्तक घेऊन आली. "टीचर, आज मला शिकवा. ए अधिक बी, आणि त्याच्या डोक्यावर बारका दोन. हे मी तेव्हा नुसतं पाठ केलतं. कळलं न्हाय कधीच."

टीचर आधी नको म्हणाल्या. मग पेन्सिल डाव्या हातात धरली. वेडावाकडा एक चौकोन काढला. एका बाजूवर ए आणि बी असे दोन तुकडे पाडले, दुसऱ्या बाजूवरही तसेच. आडवी रेघ, उभी रेघ. "वर्ग म्हणजे खरोखरचा चौकोन. बघ, चार खोल्या झाल्या. ही ए-वर्ग. ही बी-वर्ग. आणि या दोन्ही ए-बी, सारख्याच. सगळे या दोघींना विसरत्यात." त्या न थांबता बोलत होत्या. आकडा एकही नव्हता, आणि अडखळणंही नव्हतं. आप्पा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभे राहिले.

रेखा त्या कागदाकडं बघतच राहिली. "एवढंच हाय हे?"

"एवढंच."

"मग आता आकडे घालून बघू या का?" रेखानं जपून विचारलं. ए तीन, बी दोन. तिनं त्या चार खोल्यांत चिंचोके मांडले. मोठ्या खोलीत तीन ओळींत तीन-तीन, बाजूच्या दोन्ही खोल्यांत सहा-सहा, कोपऱ्यात चार. टीचरांनी एकेकावर बोट ठेवत मोजायला सुरुवात केली. मध्ये एकदा चुकल्या, परत पहिल्यापासून आल्या. "पंचवीस," त्या म्हणाल्या, आणि बाहेरच्या कडेची एक ओळ मोजून पुटपुटल्या, "पाच. पाचाचा वर्ग." मग त्यांनी वर बघितलं. आजारानंतर त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आकडा अर्थासकट आला होता.

त्यानंतर त्यांचा असाच क्रम पडला. आधी अक्षरांनी रस्ता आखायचा, मग त्यावरून चिंचोके न्यायचे. रेखाला वीस वर्षं अडलेला एक्स सुटला, आणि तिनं बाहेरून बारावीला बसायचं ठरवलं. गणित घेऊन.

टीचरांची रजा संपत आली तेव्हा त्या आप्पांबरोबर शाळेत आल्या. आप्पांचे बूट चकाकत होते. हेडमास्तर तेच, आता निवृत्तीला टेकलेले. त्यांनी टीचरांना मानानं बसवलं आणि लायब्ररीचं काम देऊ केलं.

टीचर म्हणाल्या, "आठवीचं बीजगणित द्या. विचार मी शिकवते. आकडेमोड पोरं करतील."

"आणि चूक झाली तर?"

"तर पोरं दाखवतील. आजवर मी त्यांच्या दाखवल्याच की."

हेडमास्तर टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "जमेल याची तुम्हाला किती टक्के खात्री आहे?" त्यांनी विचारलं, आणि टीचर तोंड उघडायच्या आतच हात वर करून हसले. "असू दे. विचारू नका कशाची. आठवी तुमची."

पहिल्याच तासाला त्यांनी वर्गाला सरळ सांगून टाकलं, "माझ्या डोक्यातले आकडे जरा विस्कटल्यात. ते तुम्ही सांगायचे. पण तिघांचं उत्तर एक आल्याशिवाय मी घेणार न्हाय." आठवीच्या पोरांना आपल्यावर एवढं मोठं काम कुणी सोपवलंय याचं अप्रूप वाटलं असणार. टीचरांच्या तासाला सगळी पोरं कच्चं गणित करून बघायची, कारण आपलं उत्तर तिघांतलं असायला हवं होतं.

पुढच्या वर्षी मला निपाणीच्या शाळेत जावं लागलं. निघायच्या दिवशी सह्या करून मी व्हरांड्यातून चालले होते. आठवीचा वर्ग चालू होता, म्हणून खिडकीशी थांबले.

टीचर डाव्या हातानं फळ्यावर लिहीत होत्या. तीन एक्स वजा चार बरोबर सतरा. त्याखाली, कुणी सांगायच्या आत, त्यांनीच लिहिलं, तीन एक्स बरोबर तेरा. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग शेवटच्या बाकावरची एक बारकी मुलगी उभी राहिली आणि चाचरत म्हणाली, "टीचर, ते तेरा न्हाय. एकवीस पाहिजे."

टीचरांनी फळ्याकडं बघितलं. मग वळून विचारलं, "कसं?" आणि खडू तिच्याकडं धरला.

मुलगी पुढं गेली. टीचर पाय ओढत, बाकांच्या मधल्या वाटेनं, एकेका बाकाला हात लावत शेवटपर्यंत आल्या आणि तिच्या रिकाम्या जागेवर बसायला लागल्या. शेजारच्या मुलीनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि त्यांना जागा करून दिली. टीचरांनी कोपर बाकावर टेकलं, हनुवटी तळहातावर ठेवली.

"हं," त्या म्हणाल्या. "सांग."